पद्मिनीचा जुना रंग काढला, त्यावर एक पावसाळा गेला: पेंट रिमूव्हर आणि स्ट्रिप डिस्कचा अनुभव

वडिलांची प्रीमियर पद्मिनी, रंगावर रंग चढवलेली. मार्चमध्ये ठरवलं की यावेळी पार पत्र्यापर्यंत उतरवायचं. डेंटर मामा म्हणाले, "कशाला उकरताय साहेब, वरून घासून मारू, चकाचक दिसेल." दिसली असती हो, पण खाली काय दडलंय ते कसं कळणार? सँडब्लास्टिंगला मी नाही म्हटलं, वाळूच्या माऱ्याने बॉनेट आणि छपराचा मोठा सपाट पत्रा ताणला जाऊन वेडावाकडा होतो, तो परत सरळ करत बसा.

रिमूव्हर नाना पेठेतून आणला, मिथिलीन क्लोराइडवाला. काम जबरदस्त करतो. ब्रशने जाड थर लावला की दुधावरच्या सायीसारखा रंग सुरकुततो, मग स्क्रेपरने हळूच खरवडायचं, वरचा मरून, मग पांढरा, मग कंपनीचा क्रीम, सगळ्यात खाली करडा प्रायमर. एकदा लावून सगळं निघत नाही, जुन्या थरांवर दोन-तीन वेळा लावावाच लागतो. आणि हे केमिकल 40 अंशाला उकळतं, म्हणजे पुण्याच्या एप्रिलमधल्या दुपारी तापलेल्या बॉनेटवर लावलं तर काम करायच्या आधी उडून जातं. सकाळी लवकर, सावलीत, आणि वरून प्लास्टिकचा कागद अंथरून ठेवायचा.

वाफेबद्दल मात्र सिरियसली घ्या. ही वाफ हवेपेक्षा जड, बंद शेडमध्ये खाली साचते आणि शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत घरगुती ग्राहकाला हा रिमूव्हर विकायला 2019 पासून बंदी आहे, आपल्याकडे मात्र दुकानदार थिनरबरोबर पिशवीत घालून देतो. कापडी मास्क किंवा एन-95 ने वाफ अडत नाही, पातळ नायट्रिलचे हातमोजे पण लगेच पार होतात. मी अंगणातच केलं, वारा पाठीमागून ठेवून.

आता डिस्क. ग्राइंडरला लावायची, काळ्या जाळीसारखी असते ती, बोहरी आळीतून घेतली. मडगार्डच्या वळणावर, दाराच्या कडांवर हिला तोड नाही, पत्रा कापत नाही, गंजही छान उचलते. पण डिस्कवर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला फेरे) बघा, साधा 4 इंची ग्राइंडर 11-12 हजारावर फिरतो, स्पीड कमी करता येणारा असला तर उत्तम. एका जागी दाबून धरलं की पत्रा तापतो आणि नंतर बोटाने दाबला तर टकटक वाजतो. म्हणून छप्पर, बॉनेट, डिकीला रिमूव्हर, बाकी ठिकाणी डिस्क, आणि पत्र्याच्या सांध्यांत दोन्ही नाही, तिथे मास्किंग टेप आणि 80 नंबरचा पॉलिश पेपर हाताने. रिमूव्हर सांध्यात शिरला तर तो धुऊन निघत नाही, महिन्याभराने नव्या रंगाखालून फुगे काढतो.

डाव्या मागच्या मडगार्डवर डिस्क लावली आणि बोटभर जाडीची पुट्टी निघाली! तिच्याखाली चाळणी झालेला पत्रा. मामा गप्प. तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागला.

धुळीची काळजी घ्या, जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून लागू झाली ती सुद्धा घरगुती रंगांना. त्यामुळे पोरांना लांब ठेवा आणि कपडे वेगळे धुवा.

उघडा पत्रा तसाच ठेवून झोपू नका, दमट हवा असली तर सकाळी तांबूस झाक आलीच म्हणून समजा. मी जेवढं उघडं केलं तेवढं पुसून लगेच इपॉक्सी प्रायमर मारून घेतला. साधा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) प्रायमर ओलावा शोषतो, इपॉक्सी नाही, खर्च थोडा जास्त पण इथे कंजूषी नको.

अख्खा पावसाळा गाडी नुसत्या ताडपत्रीखाली होती. छप्पर, बॉनेट एकदम स्वच्छ, कुठे फुगा नाही. फक्त समोरच्या काचेच्या रबराखाली एक तांबडा ठिपका दिसतोय, तिथे काच न काढता पोचताच येत नव्हतं, ती दिवाळीनंतर काढायचीय.

डिस्क मी परत डोळे झाकून घेईन. रिमूव्हर फक्त मोठ्या पॅनलसाठी, आणि तोही अंगण किंवा गच्ची असेल तरच, फ्लॅटच्या बेसमेंट पार्किंगमध्ये अजिबात नाही. उरलेला डबा उन्हात ठेवू नका, आत दाब तयार होतो, झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा.