प्रवेश अर्जात गुन्ह्याचा रकाना ठेवावा का?

नाशिकमध्ये या प्रश्नाची दोन्ही टोकं सापडतात. गंगापूर धरणाच्या वाटेवरच्या मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र नाशिकरोड कारागृहात चालतं. तिथे शिक्षा भोगणारेच विद्यार्थी असतात. इकडे म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ. तिथल्या पदवीधरांच्या हाती उद्या रुग्ण असतो. दोघांना एकच फॉर्म कसा पुरणार? तुमच्या कॉलेजचा फॉर्म ठरवायला बसलात, तर तीन वाटा आहेत.

सरसकट सगळ्यांना विचारायचं, ही पहिली. होस्टेलच्या पालकांना धीर येतो, संस्थेलाही हात झटकता येतात. पण न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाबद्दलचा २०१५ चा अभ्यास बघा. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाल्याचं लिहिणाऱ्यांपैकी ६२.५ टक्के लोकांनी अर्ज पुराच केला नाही. एकूण अर्जदारांत हे प्रमाण २१ टक्के होतं. कुणी नकार देण्याआधीच ही माणसं मागे फिरली. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने तो प्रश्न काढायचं ठरवलं.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. ‘गुन्हा आहे का?’ म्हटलं की पोरगं बांधावरच्या भाऊबंदकीत दाखल झालेली केसही लिहून मोकळं होतं. गुन्हा दाखल होणं वेगळं आणि कोर्टात सिद्ध होणं वेगळं, हे फॉर्म छापणाऱ्याच्याही ध्यानात नसतं. शिवाय बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की अल्पवयातल्या दोषामुळे पुढे अपात्रता येत नाही. अपवाद सोळा वर्षांवरच्या ज्यांचा खटला प्रौढांसारखा चालला त्यांचा.

मग काहीच विचारू नये? मला ही वाट आवडली असती, पण राज्याचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आडवा येतो. त्याखाली शिक्षा झालेल्या विद्यार्थ्याला बडतर्फीपासून पाच वर्षं कुठल्याच संस्थेत प्रवेश नाही. विचारलंच नाही तर पाळणार कसं?

म्हणून माझं मत तिसऱ्या वाटेला. ब्रिटनच्या केंद्रीय प्रवेश यंत्रणेने २०१९ च्या प्रवेशांपासून सरसकट प्रश्न काढला, वैद्यकीय, शिक्षकी अशा अभ्यासक्रमांपुरता ठेवला. आपणही रॅगिंगचं सगळ्यांना विचारावं. बाकीचं फक्त नर्सिंग, बी.एड. अशा ठिकाणी, गुणवत्ता यादी लागल्यावर, तेही सिद्ध झालेल्या गुन्ह्याबद्दलच.

उत्तर बंद पाकिटात प्राचार्यांकडे जाऊ द्या. खिडकीवरच्या क्लार्कने मोठ्याने विचारलं, तर रांगेला कळायला दोन मिनिटं पुरतात.