ग्रोथ हॉर्मोनचं पेन: वर्ष होत आलं, आता सांगण्यासारखं आहे

हे म्हणजे उंची वाढवणाऱ्या हॉर्मोनचं, पेनासारखं दिसणारं इंजेक्शन. पेन चालवायला तसं सोपं आहे. ते लागणार की नाही, हे ठरायलाच खरा वेळ जातो. आमची लेक खायची, खेळायची, हातपायही प्रमाणात. फक्त बरोबरीच्या मुलांपेक्षा बरीच लहान दिसायची. ‘घराण्यातच उंची नाही, होईल हळूहळू’ हे ऐकून ऐकून कान किटले होते. डॉक्टरांनी मात्र उंचीपेक्षा वाढीचा वेग बघितला. चार वर्षांपुढचं मूल वयात येईपर्यंत वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं. हिचं ४ सुद्धा भरत नव्हतं.

मग थायरॉइड, सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) अशी दुसरी कारणं वगळली. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढलं, ते खऱ्या वयाच्या बरंच मागे निघालं. हे हॉर्मोन रक्तात लाटांसारखं येतं, तेही मुख्यतः गाढ झोपेत. त्यामुळे कुणी नुसतं दिवसा एकदा रक्त काढून ‘ग्रोथ हॉर्मोन कमी आहे’ म्हणालं तर त्याला अर्थ नाही. औषध देऊन हॉर्मोन वर यायला भाग पाडतात आणि ठरावीक वेळाने रक्त घेत राहतात. क्लोनिडिन हे त्यातलंच एक औषध; त्या चाचणीच्या दिवशी लेक उपाशी, पेंगुळलेली आणि वैतागलेली. वेगळ्या औषधाने दुसरी चाचणीही लागली. हॉर्मोन किती वर गेलं म्हणजे पुरेसं, याची सीमा कुठे मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम धरतात, कुठे ७, म्हणून एकाच आकड्यावर निकाल लावू देऊ नका. शेवटी पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी हे हॉर्मोन बनवणाऱ्या ग्रंथीचा एमआरआय.

आता पेन. रोज रात्री झोपण्याआधी, त्वचेखाली, दर वेळी नवी सुई. सुई इतकी बारीक की भीती टोचण्याआधीच संपते (लेकीची, माझी थोडी उशिरा गेली). औषध गेल्यावर सुई लगेच बाहेर काढायची नाही, दहापर्यंत आकडे मोजायचे. ते काम तिचंच, आणि ती मुद्दाम भराभर मोजते. मांडी, कुल्ला, पोट अशी जागा बदलत राहावी लागते, नाहीतर तिथली चरबी बसून खळगा पडतो.

तक्रारी आहेत. कार्ट्रिज (पेनातली औषधाची नळी) संपत आली की डोस अर्धवट भरतो, मग उरलेल्यासाठी दुसरी टोचणी. नेमक्या त्या रात्री रडारड होते. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण गोठलं तर वाया. म्हणून फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये आणि प्रवासात बर्फाची पिशवी थेट लागू देऊ नये.

‘हे मेलेल्या माणसांच्या मेंदूतून काढतात ना?’ असं एका नातेवाइकांनी विचारलं. पूर्वी काढत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं १९८५ मध्ये उघड झालं आणि ते बंद झालं. आताचं प्रयोगशाळेत तयार होतं.

फरक? आधी भूक वाढली, पोटाचा गोलवा उतरला. उंचीचं म्हणाल तर घरच्या भिंतीवरच्या खुणा पुसून टाका. सकाळ-संध्याकाळच्या उंचीतच सेंटीमीटरभर फरक पडू शकतो. दर तीन-चार महिन्यांनी एकाच दवाखान्यात, एकाच पट्टीवर मोजलेलं खरं. आमचा आलेख वर वळलाय. पहिल्या वर्षी वेग सगळ्यात जास्त असतो, पुढे तो कमी होणारच, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं.

सतत डोकेदुखी आणि उलट्या, धूसर दिसणं, लंगडणं किंवा गुडघा-खुबा दुखणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. अधूनमधून आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनमुळे शरीरात तयार होणारा घटक), थायरॉइड आणि साखर तपासतात; डोस त्यावर आणि वजनावर बदलतो.

आठवड्यातून एकदाच घ्यायची इंजेक्शनंही आली आहेत. मुलांसाठीच्या पहिल्याला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. रोजच्यात आमचं बस्तान बसलंय, तरी पुढच्या भेटीत विचारणार आहे. वाढ वर्षाला २ सेंमीच्या खाली आली की हे उपचार थांबवतात आणि मग पुन्हा चाचणी करतात, कारण बाकीची पिट्युटरी नीट असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये तोवर हॉर्मोन पुरेसं निघतं.