मामाच्या ज्युनोने मला मामा बनवलं

पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतोय. लग्नं, गणपती, शिवाजी मंदिरातले जुन्या गाण्यांचे कार्यक्रम, सगळं केलंय. त्यामुळे ‘वाद्य घेताना तू फसलास?’ असं जो तो विचारतो. फसलो, आणि तेही एक लाख पस्तीस हजारांना.

लॅपटॉप न लावता, जुन्या सिंथवर (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारा की-बोर्ड) लाइव्ह इलेक्ट्रॉनिक सेट वाजवायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. अंधेरीतल्या एका छोट्या जागेत चाळीस मिनिटं मिळालीही. ड्रम मशीन होतं, हवा होता रोलंड कंपनीचा ज्युनो-106 सिंथ. 1984 चं मशीन, एकावेळी सहा सूर, आणि आतला कोरस, म्हणजे सूर दाट करणारा इफेक्ट, असा की दोन बोटं ठेवली तरी खोली भरून जाते. हाच कोरस पुढे मला नडला.

जाहिरात दिसली. फोनवर गोड मराठी. “दादा, मामांचा आहे. फिल्म लाइनला वाजवायचे, आता गेले. कलाकाराच्याच हातात पडावा अशी मामींची इच्छा आहे.” फिल्मी वादक चरणजित सिंगांनी 1982 साली मुंबईत सिंथवर राग वाजवून रेकॉर्ड केले, त्या कामात हाच ज्युनो होता, असंही त्याने सांगून टाकलं. मला गहिवरून आलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये रोलंडचाच ज्युपिटर-8 सिंथ होता, सोबत टीआर-808 हे ड्रम मशीन आणि टीबी-303 हा बेस सिंथ, हे मला तोंडपाठ होतं. आणि 106 बाजारात यायला 1984 उजाडावं लागलं! पण गहिवरलेला माणूस हिशोब करत नाही. पुण्याचं गिऱ्हाईक निघालंय म्हणाला, म्हणून वस्तू न बघताच पंधरा हजार टोकन यूपीआयने पाठवलं.

कांदिवलीतल्या एका बंद स्टुडिओत मशीन बघितलं. त्याने स्वतःच वाजवून दाखवलं, “जुनं आहे, हात बसलेला लागतो” म्हणत. कोरस चालू, तीन बोटांचे कॉर्ड, आणि बटण पॉली 2 वर. पॉली 1 मध्ये सहा आवाज, म्हणजे एकेक सूर काढणारे आतले सहा भाग, आळीपाळीने फिरतात. पॉली 2 मध्ये प्रत्येक वेळी पहिल्यापासूनच सुरुवात होते. म्हणजे तीनच सूर धरलेत तर चौथा, पाचवा, सहावा जिवंत आहेत की नाहीत, हे कळणारच नाही. मागच्या पट्टीवर 100 व्होल्ट लिहिलेलं होतं, म्हणजे पीस जपानचा. सोबत एक छोटा ट्रान्सफॉर्मर दिला. मामा चाळीस वर्षं मुंबईत वाजवत होते ना, मग जपानचा कसा, हे विचारायला हवं होतं. मी मात्र उरलेले एक लाख वीस हजार रोख मोजले. पावती? “घरचाच व्यवहार आहे दादा.”

कार्यक्रम दोन दिवसांवर. घरी हेडफोनवर खरखर आली, तर मी स्वतःचीच समजूत घातली की व्हिंटेज आहे, चालायचंच. स्टेजवर लांब रिलीजचा पॅड, म्हणजे बोट उचललं तरी रेंगाळणारा आवाज, लावायला पॉली 1 दाबलं आणि दर सहा सुरांतले दोन गायब! भूप वाजवत होतो, त्यात मूळचेच पाच सूर. त्यातलेही गळायला लागल्यावर राग कुठला उरतो? कोरस वर चढवून, कॉर्ड तिथल्या तिथे बदलत वेळ मारून नेली. समोरच्यांना ते ‘एक्सपेरिमेंटल’ वाटलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडच्या ओळखीच्या कारागिराने खोलून दाखवलं. प्रत्येक आवाजाची 80017ए नावाची एक चिप असते. तिच्यावरचा काळा लेप वर्षांनुवर्षांनी विजेची गळती करू लागतो आणि आवाज खरखरतो किंवा मरतो. काही चिप ॲसिटोनमध्ये बुडवून लेप काढला की पुन्हा बोलतात. माझ्यातल्या दोन चिपांचं सोल्डरिंग ताजं होतं. “चांगल्या काढून मेलेल्या बसवल्यात,” तो म्हणाला. नव्याने बनवलेल्या पर्यायी चिप परदेशातून मागवता येतात. त्या मागवल्या, खर्च वेगळा.

पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, कागद काय? पंधरा हजारांची यूपीआय नोंद, बस. अर्ज घेतलाय.

तुम्ही 106 बघायला जाल तेव्हा ‘की ट्रान्सपोज’ नावाचं बटण दाबून धरून मशीन चालू करा. मग कुठलीही पट्टी दाबली की डिस्प्लेवर त्या आवाजाचा आकडा येतो, 1 ते 6. कोरस बंद ठेवा, एकेक सूर शांतपणे ऐका, आणि वाजवा तुम्ही, त्याला वाजवू देऊ नका. दोन मिनिटांचं काम आहे. मला ते ठाऊक होतं, हे जास्त झोंबतं.

तीन आठवड्यांनी माझ्याच ज्युनोचा फोटो, उजव्या कोपऱ्यातल्या ओरखड्यासकट, नव्या नंबरावर दिसला. मित्राच्या फोनवरून फोन लावला. आवाज तोच. आता वाद्य काकांचं होतं. म्हटलं, येतो, फक्त ‘की ट्रान्सपोज’ दाबून चालू करून दाखवा. त्याने फोन कट केला.