दिवसा कळस दाखवणारी दुर्बीण

दुर्बीण विकणारा शाळेत येतो तो भर दुपारी. पटांगणात तिपाई मांडतो, २० मिमीचा आयपीस (डोळा लावायची भिंगांची नळी) आणि चित्र सुलटं करणारी १.५ पटीची नळी बसवतो आणि लांबच्या देवळाचा कळस दाखवतो. कळसावरचे रंगाचे पोपडेसुद्धा दिसतात. मग खोक्यावरच्या '५२५ पट' या आकड्यावर बोट ठेवून म्हणतो, "गुरुजी, शनीचं कडं ताटातल्या भाकरीएवढं दिसन." बिल फाटतं. रात्री पोरं जमतात, मोठी पॉवर लावली की चंद्राच्या जागी राखाडी डाग हलतो, आणि सगळे स्वतःलाच दोष देतात की आपल्याला लावता येत नसेल.

लावता येतं. त्या संचातून त्या पॉवरला याहून बरं दिसतच नाही, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. भर उजेडात, कमी पॉवरला कसलीही भिंगं चालून जातात. म्हणून तर तो रात्री येत नाही.

गावात बहुधा पोचते ती ७६ मिमी आरशाची आणि ७०० मिमी फोकल लेंथची (आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) दुर्बीण. फोकल लेंथला आयपीसवरच्या आकड्याने भागलं की पॉवर निघते. २० मिमीने ३५ पट, ४ मिमीने १७५ पट, त्याला ३ पटीची बार्लो (पॉवर वाढवणारी नळी) जोडली की ५२५. गणितात चूक नाही, म्हणून गणिताचे सरही फसतात. पण आरसा जितके मिमी, साधारण त्याच्या दुप्पट पटींपर्यंतच नवा तपशील हाती लागतो. ७६ ला ही हद्द १५० च्या आसपास. ५२५ पटींना आयपीसमधून निघणारा प्रकाशाचा झोत जेमतेम ०.१५ मिमी जाडीचा उरतो. चित्र अंधारं नि गढूळ होतं. संचातला 'एसआर ४' हा ४ मिमीचा आयपीस तर बार्लोशिवायच हद्द ओलांडतो. त्याचं डोळ्याकडचं भिंग डाळीच्या दाण्याएवढं, पापणी घासल्याशिवाय बघता येत नाही. चष्मेवाल्यांनी त्याचा नादच सोडावा.

पैसे देण्याआधी प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर काढा आणि आयपीसच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजा. ३१.७ मिमी, म्हणजे सव्वा इंच आला तर ठीक. पुढे चांगला आयपीस घेता येईल. २४.५ मिमी आला तर ते जुनं माप, त्यात धड आयपीस आता सहसा मिळत नाही. "सव्वा इंची आयपीससाठी अडॅप्टर बसतो ना," हे उत्तर ठरलेलं असतं. बसतो, पण आरशाच्या दुर्बिणीत त्याच्या उंचीमुळे आयपीस बाहेर सरकतो आणि कधी कधी फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारा भाग) पार आत नेला तरी ताऱ्याचा ठिपका होत नाही. अडॅप्टर लावून, रात्री, खऱ्या ताऱ्यावर दाखव म्हणावं.

याहून बेरकी प्रकार म्हणजे दोन भिंगांच्या साध्या ह्युगेन्स आयपीसवर 'प्लॉसल ५२ अंश' अशी पट्टी चिकटवणं. ५२ अंश म्हणजे आयपीसमध्ये डोळ्याला दिसणाऱ्या गोलाची रुंदी. खऱ्या प्लॉसलमध्ये दोन-दोन भिंगांच्या दोन जोड्या असतात. आयपीस खोलू नका, आकाशच मोजून देतं. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे घ्या. त्यातला सगळ्यात आधी उगवतो तो तारा आकाशाच्या विषुववृत्तावर जवळजवळ नेमका आहे, आणि तिथला तारा मिनिटाला १५ कला सरकतो (६० कला म्हणजे एक अंश). दुर्बीण घट्ट करा, तारा एका कडेने आत येऊन मधोमध जात दुसऱ्या कडेने बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजा. ३५ पटींना खऱ्या ५२ अंशांच्या आयपीसमध्ये सहा मिनिटांना तीन-चार सेकंद कमी लागतील. ३ मिनिटं ४० सेकंदांतच बाहेर पडला तर? ५५ कला गुणिले ३५ भागिले ६०, म्हणजे ३२ अंश. पट्टीचं पितळ उघडं. तीन वेळा मोजून सरासरी काढा, कारण तारा मधून न जाता कडेने गेला तर वेळ कमीच येतो.

भिंगांवरच्या चमक कमी करणाऱ्या लेपासाठी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. पांढरंशुभ्र दिसलं तर लेप नाही. मंद निळसर, जांभळट किंवा हिरवट दिसलं तर आहे.

संचात आयपीसला आट्यांनी बसणारी काळपट-हिरवी काच असते, तिच्यावर 'सन' लिहिलेलं असतं. ती फोडून टाका. आरशाने गोळा केलेलं ऊन तिच्याच जवळ एकवटतं, काच तापून तडकते आणि डोळा क्षणात जातो. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच हवा, नळीवरची छोटी शोधक दुर्बीण झाकलेली हवी. संचात ही काच 'फ्री' म्हणून देणाऱ्याकडून दुसरं काही घेऊ नये, असं आमचं मत.

मग घ्यायचं काय? ७६/७०० ला २५ मिमीचा प्लॉसल (२८ पट) आणि १० मिमीचा (७० पट), इतकं पुष्कळ. शनीचं कडं ७० पटींना वेगळं ओळखू येतं. लहान दिसतं, पण दिसतं. पैसे उरले तर बार्लोआधी ३२ मिमीचा घ्या. त्यात सव्वादोन अंश आकाश येतं आणि कृत्तिका पूर्ण मावतात. शहरवाल्यांना त्याचा तितका उपयोग नाही, आपल्याला आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला तो अंधारामुळेच, आणि तसा बराचसा अंधार आपल्या तुरीच्या वावरातही असतो. मात्र दुर्बीण स्लॅबवर किंवा टिनाजवळ मांडू नका; दिवसभराचं ऊन रात्री त्यातून वर येतं आणि चांगल्या आयपीसमध्येही ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो.

बिलावर 'शैक्षणिक साहित्य, १ नग' एवढंच असेल तर परत करा. आरशाचा व्यास, फोकल लेंथ, प्रत्येक आयपीसचा प्रकार, मिमी आणि नळीचं माप लिहून घ्या. घरासाठी घेतली असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हाच कागद लागतो. विकणारा ओळी लिहायला कां-कूं करू लागला की व्हर्निअर काढायचीही गरज राहत नाही.