तेरा महिन्यांचं कॅलेंडर : वर्षभर वापरून मग लिहिलेला रिव्ह्यू

कॅलेंडरचा कोणी रिव्ह्यू लिहितं का, असं आमच्या ह्यांनी विचारलं. म्हटलं का नाही, मिक्सरचा लिहितात, मोबाईल कव्हरचा लिहितात, आणि ह्या वस्तूकडे तर मी २०२३ मध्ये दिवसातनं वीस वेळा बघितलंय.

तर झालं असं की २०२२ च्या डिसेंबरात घेऊ घेऊ करत राहिलं आणि शेवटच्या आठवड्यात इथे इंदूरच्या खजुरी बाजारात गेले तर नेहमीचं कालनिर्णय संपलेलं. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, यही बचा है, तिथियाँ तो सबमें वही रहती हैं." दहा रुपये कमी होते म्हणून घेतलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तक्रारी पण करायच्यात.

तिथ्या सगळ्यांत त्याच असतात हे मात्र इंदूरमध्ये राहून कोणी बोलू नये. तिथी तीच, पण महिना दुसराच! आपला महिना अमावस्येला संपतो, इथल्यांचा पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षात आम्ही अजून पौषात असतो आणि शेजारच्या भाभी माघात पोचलेल्या असतात. त्यांच्याकडे जबलपूरचं लाला रामस्वरूप कॅलेंडर, आमच्याकडे हे, मधे एकच भिंत. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली तरी मी अजून दर श्रावणात गोंधळते.

१० जानेवारीचा चौकोन बघा. छापलंय अंगारकी. पौष वद्य चतुर्थी, इथली तीळ चतुर्थी, खजराण्याच्या गणपतीला मेळा. मी सकाळी दीड तास लाईनीत उभं राहून दर्शन घेऊन आले, आणि चारच्या सुमाराला हे घरी आले ते हातात एक खोका घेऊन, त्यात चहाचा मग, पाण्याची बाटली आणि ऑफिसातलं मनीप्लांट. एकोणीस वर्षांची नोकरी. बाकी सगळ्या चौकोनांत माझं काहीतरी खरडलेलं असतं, दूध दोन लिटर, सिलिंडर लावला, बाई आली नाही. त्या दिवशी काहीच नाही. उपास सोडला की नाही तेही आठवत नाही.

फेब्रुवारी ते जून मी पटकन सांगते कारण सांगण्यासारखं काही नाही. इंटरव्ह्यू, ईएमआय, "कळवतो" म्हणणारे लोक. मार्चमध्ये पाडव्याला गुढी उभारली, शोभन नाम संवत्सर लागलं, नाव वाचून आम्ही दोघं हसलो. ते हसू मी २२ मार्चच्या चौकोनात लिहून ठेवलंय, "हे हसले" एवढंच. जूनमध्ये वरची पत्र्याची पट्टी निसटली आणि कॅलेंडर पोह्यांवर पडलं, सेव आणि जिरावण मसाल्यासकट. एप्रिलच्या पानावर डाग अजून आहे. पट्टी मी चिमटा लावून भागवली. कंपनीला एक स्टार कमी इथेच.

आणि मग जुलै. १८ तारखेपासून लाल अक्षरांत अधिक मास प्रारंभ. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं, ते दरवर्षीचे अकरा दिवस साठत साठत तिसऱ्या वर्षाला महिनाभर होतात म्हणून घालतात, हे माहीत असतं सगळ्यांना. पण ज्या वर्षी नोकरी गेली त्याच वर्षी दुष्काळात तेरावा महिना शब्दशः छापून येईल असं कुठे वाटलं होतं. त्यात भाभींचा सावन ४ जुलैलाच लागलेला, आमचा निज श्रावण १७ ऑगस्टला. त्या रोज विचारायच्या, "दीदी, आपका सावन अभी लगा नहीं क्या?" उज्जैनला महाकालच्या सवाऱ्या, म्हणजे सोमवारच्या पालख्या, अधिकामुळे त्या वर्षी दहा निघाल्या.

अधिकात जावयाला वाण द्यायचं म्हणून आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, १७ ला तांदूळ भिजत घातले होते. ३३ अनारसे, एकही कमी नाही. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. २० ला सकाळी त्या पाणी बदलायला उठल्या आणि त्याच सांडलेल्या पाण्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड. स्ट्रेचरवर घेत होते तेव्हा त्यांनी माझा हात धरला, मला वाटलं काहीतरी मनातलं बोलतील, तर म्हणाल्या, "तांदूळ उपस, आंबतील नाहीतर."

मी आयुष्यात अनारसे केले नव्हते. त्यांनी करू दिले नव्हते असं म्हणा. रात्री अकराला हॉस्पिटलमधनं येऊन जुन्या धोतरावर पंख्याखाली तांदूळ पसरले, बाहेर धो धो पाऊस, वाळायचं नाव नाही. फोनवर त्या सांगतायत, मुठीत दाब, ओलसर लागला पाहिजे पण हाताला चिकटायला नको. कुटले, चाळले, गूळ घातला, गोळा डब्यात ठेवला चार दिवस. खसखशीवर थापून पहिला तुपात सोडला आणि तो विरघळून कढईभर झाला. दुसरा पण, तिसरा पण. अनारसे असे विरघळले की हसले म्हणतात, तसे हसले सगळे. व्हिडिओ कॉल लावला तर आई पडल्या पडल्या म्हणाल्या, "गूळ जास्त झालाय गं, थोडी तांदळाची पिठी मिसळ, आणि उलटू नकोस, झाऱ्याने वरून तूप उडव." मिसळली. चौथ्याला जाळी पडली. मी गॅस बंद करून खाली बसून रडले, का ते विचारू नका.

नणदेच्या यजमानांना वाण वॉर्डातच दिलं. ताम्हन घरून नेलं, पण दिवा लावायला सिस्टरने मनाई केली, म्हणून मोबाईलचा टॉर्च लावला. बाजूच्या खाटेवरच्या आजींची सून लोकमान्य नगरची, तिने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, मला ३३ करून द्याल का, पैसे देईन.

१६ ऑगस्टपर्यंतच्या चौकोनांत आता नुसते ३३ दिसतात. अकरा घरं, ३६३ अनारसे, वीस रुपयाला एक. खसखस काय भाव आहे ते घेणाऱ्यालाच माहीत, तूप-गूळ सगळं वजा करून साडेतीन हजार सुटले. घर चालायला पुरत नाहीत, पण आईंची फिजिओथेरपी त्यातनं झाली. ९ ऑगस्टला लिहिलंय "राजवाडा, एकटी". त्या दिवशी ह्यांना इंटरव्ह्यू होता, डबा पोचवायचा होता, म्हणून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी अॅक्टिव्हा एकटीने बाजारात घातली. येताना एका भियाच्या ठेल्याला आरसा लागला, त्याने नुसतं "आराम से, माताजी" म्हटलं. माताजी!

आता तक्रारी. कागद गुळगुळीत, बॉलपेन चालत नाही, जेलपेनचं फिसकटतं. चौकोन लहान. मुंबईचा चंद्रोदय छापलाय, इंदूर पूर्वेला, इथे तो साधारण दहा-बारा मिनिटं आधी उगवतो, तेवढा वेळ उपाशी माणसाला कोणी बसवून ठेवू नये. आणि सर्वांत मोठी तक्रार म्हणजे अनारशाची कृती ऑक्टोबरच्या मागे छापलीय, दिवाळीसाठी म्हणून. अहो, अधिक श्रावण असलेलं वर्ष आहे, जुलैच्या मागे छापा ना! जुलैच्या मागे काय, तर केस गळतीवर उपाय.

पाचपैकी तीन स्टार. ह्यांना नोव्हेंबरात पगार कमी असलेली पण नोकरी लागली, आई वॉकरवर चालतात आणि स्वयंपाकघराच्या दारातनं सूचना देतात. २०२४ चं मी कालनिर्णयच आणलं, डिसेंबर लागायच्या आधी, आणि ते ह्याच खिळ्यावर जुन्याच्या वरती लावलंय. जुनं काढलेलं नाही, त्यात लोकांचे फोन नंबर आहेत. पुढचा अधिक २०२६ मध्ये, ज्येष्ठ, १७ मेपासून. लोकमान्य नगरच्या सूनबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय. मेमधलं इंदूरचं ऊन म्हणजे काय, पंखा नको की धोतर फिरवायला नको, तांदूळ दोन तासांत वाळतील, जास्तच वाळले तर आईंना विचारावं लागेल.