लक्ष्मीपुरीतले कुकरवाले मामा: पाचपैकी साडेचार

दुकानाला नाव नाही. निळ्या पत्र्यावर ‘कुकर, मिक्सर, गॅस शेगडी दुरुस्त करून मिळेल’ एवढंच रंगवलंय, त्यातलाही शेवटचा ‘ल’ पावसानं नेलाय. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांमागच्या बोळात शिरा आणि कुणालाही ‘कुकरवाले मामा’ विचारा. मी हे नाव वर्षानुवर्षं ऐकून होते, पण घरातल्या वस्तूंनी एकाच आठवड्यात संप पुकारला तेव्हा ओळख झाली. ओळख म्हणजे कशी, तर गुरुवारी मी बोळात वळले आणि मामा लांबूनच म्हणाले, “काय ओ वैनी, आज काय मोडलं?”

सोमवारी कुकर गेला. मी बाहेरच्या खोलीत दहावीच्या पोरांना त्रिकोणमिती शिकवत होते. आत आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, वरण लावलेलं. शिट्टी काही होईना, नुसतं सूंऽ सूंऽ चाललेलं, आणि मग असा आवाज झाला की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. झाकण जागच्या जागी होतं. तुरीची डाळ मात्र हळदीसकट छताला. सगळी पोरं दारात गोळा झाली आणि त्यातला एक अगदी गंभीरपणे विचारतो, “मॅडम, हा उन्नत कोन किती धरायचा?” नव्वद अंश, म्हटलं, आणि वहीत काढ. संध्याकाळी आमचे हे स्टुलावर चढून पोछा मारायला लागले, तेव्हा आत्ती खालून सूचना देत होत्या. त्या सूचनांवर मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी कुकर पिशवीत घालून मामांकडे. मला वाटलं होतं, आता सांगणार की जुना झाला, नवीन घ्या. मामांनी झाकण उलटं केलं, शिट्टी काढली, ती बसते ती नळी उजेडाकडे धरून एका डोळ्यानं बघितली आणि सुईनं टोचून आतून डाळीचं एक साल बाहेर काढलं. नखावर ठेवून मला दाखवलं. “ह्यो बघा आरोपी. कुकर बिचारा निर्दोष हाय.”

मग त्यांनी सेफ्टी वॉलचं जे सांगितलं ते मला इतकी वर्षं कुकर वापरून माहीत नव्हतं. वॉलच्या मधोमध मऊ मिश्रधातूचा एक ठिपका असतो. चालू कुकरात आत साधारण १२० अंश तापमान असतं, तोवर तो टिकतो. नळी तुंबली किंवा पाणी आटलं आणि उष्णता हद्दीबाहेर गेली की तो वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. म्हणजे वॉल उडणं हा कुकरचा बिघाड नाही, ते त्याचं कामच. डाळ निम्म्याच्या वर भरायची नाही, कारण ती फेसाळून वर येते आणि नळीत बसते. आणि रोज झाकण लावायच्या आधी नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. एवढं सगळं सांगून कुकरच्याच कंपनीचा वॉल आणि नवीन रिंग बसवली, दीडशे रुपये. माझ्यासमोर एकाला साधा कुठलातरी वॉल स्वस्तात हवा होता, त्याला सरळ परत पाठवला.

बुधवारी मिक्सर. आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते, कांदा-लसणाची. दरवर्षी डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, जातो, पण यंदा तिथं ही रांग, म्हणून आत्तींनी ठरवलं की थोडी घरीच करू. ‘थोडी’ म्हणजे ब्याडगी, संकेश्वरी, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, धणे, लसूण, असं सगळं ताटंच्या ताटं भरून. चौथ्या का पाचव्या घाण्याला मिक्सरनं एक घर्रर्र केलं आणि गप्प झाला. खालचं लाल बटण दाबून मी एकदा उठवला, पुन्हा घर्रर्र, मग जळका वास आणि त्यावर मिरचीचा ठसका. घरात पाचही माणसं शिंकत होती, मांजर धरून सहा.

मामांनी जार उचलला, नुसतं नाकाजवळ नेला आणि म्हणाले, “चटणी झक्कास झालीय. पण वैनी, ह्यो मिक्सर हाय, उद्यमनगरातला क्रशर न्हवं.” हे त्यांना शोभतं, कारण ते आधी शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर होते. मोटर शाबूत होती. गेला होता तो कपलर, जारच्या खाली दाते असलेली ती चकती असते ना, ती. खोबऱ्याचं तेल सुटून मसाल्याचा गोळा पात्याला धरतो, पातं अडतं, आणि मोटर जळण्याआधी कपलरचे दाते झडतात. चार पैशांची वस्तू मरून हजारांची वाचवते. सोबत जारचा बुशही, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो, झिजलेला, म्हणून तर ओट्यावर काळं पाणी येत होतं. मी इतके दिवस ते बुरशीवर ढकलत होते. बुश त्यांनी समोर बसून बदलला. पातं हातानं फिरवून बघायचे, कानाशी धरायचे, पुन्हा खोलून एक वॉशर घालायचे. मला घाई होती, त्यांना नव्हती. शेवटी पातं बोटाच्या टिचकीनं फिरलं आणि आवाजाशिवाय थांबलं, तेव्हा कुठं जार परत दिला.

शेगडीचं थोडक्यात सांगते. ज्योत पिवळी, भांडी बुडाला काळी. दूध उतू जाऊन जेट, म्हणजे गॅस सुटतो ते बारीक भोक, तुंबलेला, पिननं साफ झाला, पन्नास रुपये. मात्र रेग्युलेटरला ते हात लावत नाहीत, ते एजन्सीचं काम म्हणतात, आणि गळतीचा वास आला तर आधी १९०६ ला फोन करा असं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय. गॅसच्या केशरी नळीवर छापलेली तारीखही वाचायला लावली. तिची मुदतीची पाच वर्षं कधीच उलटून गेली होती.

वॉशिंग मशीन ते करत नाहीत, हे आधीच सांगते. पण शुक्रवारी आमचं मशीन कपडे आत कोंडून, पाणी भरून बसलं. कंपनीच्या माणसाला चार दिवसांनंतरची वेळ. मी मामांना फोन केला तो निव्वळ गाऱ्हाणं सांगायला. ते म्हणाले, “पुढून कपडं घालायचं हाय न्हवं? खाली कोपऱ्यात झाकण आसंल. ताट ठिवा, पाणी येतंय, सावकाश फिरवा.” तिथं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाची जाळी असते. ताट भरलं, बादली भरली, फरशी भरली, आणि शेवटी जाळीतून निघाली एक हेअरपिन, एक खडू आणि चार आण्याचं नाणं. ३० जून २०११ पासून चार आणे चलनातून गेलेत आणि आमचं मशीन त्यानंतरचं. आत्तींनी नाणं पदराला पुसलं आणि म्हणाल्या, “बरं झालं गावलं. सव्वा रुपयाला चार आणे कुठनं आणायचे आता?”

अर्धा तारा का कापला? मामा ‘उद्या या’ म्हणतात आणि त्यांचा उद्या कधीकधी परवा असतो. बिल मिळत नाही. आणि दुकानात असेल नसेल तेवढ्या गिऱ्हाइकांसमोर तुमच्या घरचं सगळं बाहेर काढतात. आमच्याकडं खोबरं जास्त घालतात हे आता अख्ख्या बोळाला माहीत आहे. ऑनलाइन पैसे घेतात, पण स्कॅनरचा कागद ड्रॉवरमध्ये, तो मागावा लागतो.

जाताना जार स्वच्छ धुऊन, पुसून न्या. न धुतलेला जार ते घेत नाहीत, हात न लावता परत देतात.