मोकळ्या प्लॉटवरचं काँक्रीट क्रशर : माल घेतला पण आणि खाल्ला पण

रेटिंग द्यायचं तर अडीच स्टार. आता हे अडीच कसे आले ते सांगतो, कारण मी या क्रशरचा गिऱ्हाईक पण आहे आणि शेजारी पण, म्हणजे पैसे देऊन ट्रॉलीतनं माल घेतला आणि फुकटात खिडकीतनं बी घेतला.

जुळे सोलापुरात आमच्या घराला लागून एक मोठा प्लॉट कैक वर्षं मोकळा पडलेला, वेड्या बाभळी, लग्नाच्या पत्रावळ्या, डुकरं, असला कारभार. मार्चच्या शेवटी जेसीबीनं बाभळी काढल्या आणि दोन दिवसांनी ट्रेलरवरनं पिवळं धूड उतरलं, खाली पोकलेनसारखी चेन, वर हॉपर, बाजूला सोंडेसारखा लांब बेल्ट. आम्हाला वाटलं बोअर मारायला आलेत, पाणी लागलं तर बरं की. मग डंपर सुरू झाले, जुन्या बिल्डिंगांचे कॉलम, बीम, स्लॅबचे तुकडे, सगळ्यातनं सळया बाहेर आलेल्या. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला दोन महिन्याचं काम आहे काका, पाडकामाचा माल इथं फोडायचा, विकायचा, आणि प्लॉट झाडून मोकळा करून द्यायचा.

आयडिया चांगलीच आहे, त्यात वाद नाही. नाहीतर आपल्याकडं राडारोडा कुठं जातो ते काय सांगायचं, रात्री अकराला ट्रॅक्टर येतो, ओढ्याच्या कडेला ट्रॉली उलटी करतो आणि गायब. 2016 पासून केंद्राचे यासाठी वेगळे नियम आहेत, 2016 च्या नियमांत होतं की दिवसाला 20 टन किंवा एका प्रोजेक्टमधनं महिन्याला 300 टन यापेक्षा जास्त निघत असेल तर काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असं वेगवेगळं करून द्यायचं. कागदावर. इथं येणाऱ्या डंपरमध्ये मी स्वतः कमोडचं भांडं बघितलंय.

मशीनचं काम बघायला मजा येते खरं सांगतो. पोकलेनला ब्रेकर लावून आधी मोठे तुकडे फोडतात, मग हॉपरमध्ये, आत दोन जबडे, एक हलत नाही आणि दुसरा चावत राहतो, त्यातनं माल बेल्टवर, बेल्टच्या वर मॅग्नेट, तो सळयांचे तुकडे उचलून बाजूला टाकतो, पुढं चाळणी. सळया भंगारवाला रोज संध्याकाळी घेऊन जायचा, माझ्या अंदाजानं खरा धंदा तोच असणार.

मला घरामागं गाडी लावायला जागा करायची होती. खाली काळी माती, पावसात फुगणार, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, त्यामुळं ती उकरून भराव टाकायलाच लागतो. मुरमाचे भाव विचारून डोकं धरलं, इथं निम्म्याच्या आसपास मिळत होतं, म्हणून सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) सांगितला. पहिली ट्रॉली परत पाठवली बघा. निम्म्या विटा, आणि पांढरे पांढरे पीओपीचे तुकडे. आमचे मिस्त्री अण्णा म्हणाले मालक हे जिप्सम हाय, ओल लागली की वरच्या काँक्रीटची वाट लावतंय. सुपरवायझरनं कुरकुर न करता ट्रॉली बदलून दिली, एक स्टार तिथला. पुढच्या ट्रॉल्या चांगल्या निघाल्या, 40 एमएमच्या खालचा मिक्स माल, त्यात बारीक कच, म्हणजे दगडाचा चुरा, पण असल्यामुळं पाणी मारून रोलर फिरवला की एकदम घट्ट बसतो, मुरमापेक्षा बरा. दोन पावसाळे काढल्याशिवाय पक्कं बोलणार नाही पण सध्या गाडीचं चाक रुतत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा, सुपरवायझर कुणालाही सांगतो की हीच खडी स्लॅबला पण चालते. तसं नाही. आयएस 383, म्हणजे काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक, त्याच्या 2016 च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटची खडी वापरायची परवानगी आहे, पण साध्या काँक्रीटला 25 टक्क्यांपर्यंत, आरसीसीला, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटला, एम 25 ग्रेडपर्यंत (एमचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद) फक्त 20 टक्के, पूर्ण शंभर टक्के फक्त एम 15 च्या खालच्या कच्च्या कामाला. त्या खडीला जुना सिमेंटचा मसाला चिकटलेला असतो, तो पाणी पितो, मग मिक्सरवरचा पोरगा वाढीव पाणी ओततो आणि ताकद गेली. आपल्या काळ्या दगडाच्या कोऱ्या खडीशी बरोबरी नाही. भराव, पीसीसी म्हणजे खालचं कच्चं काँक्रीट, कंपाउंडच्या आतला रस्ता, एवढ्यालाच घ्या.

आता शेजाऱ्याचं ऐका. सकाळी सातला सुरू. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, माझ्या खिडकीत मोबाइलचं ॲप 78 दाखवायचं, ॲपवर किती भरवसा ठेवायचा ते सोडा पण प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती हे नक्की. बाहेर परवानगीचा बोर्ड नाही, पत्रे एकाच बाजूला, आमच्या बाजूला नुसती हिरवी जाळी आणि ती पण फाटकी. धूळ तर विचारूच नका. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, एकदा फुफ्फुसात बसली की निघत नाही, आणि मशीनवरची पोरं तोंडाला नुसता गमछा बांधून दिवसभर उभी. गच्चीवर वाळत घातलेली चादर निळी नेली आणि राखाडी आणली.

याला उपाय एकच, पाणी. हॉपरवर आणि बेल्टच्या टोकाला फवारे असतात, ते चालू ठेवायचे, ढिगांवर टँकरनं मारायचं. फवारे मशीनला होतेच, कोरडे. पाणी का मारत नाही म्हटल्यावर सुपरवायझर म्हणाला काका, सोलापुरात प्यायला चार दिवसाआड येतंय, दगडाला कुठलं मारू. उत्तर खोटं नव्हतं म्हणून जास्तच राग आला.

शेवटी काम केलं ते आईनं. एप्रिल म्हणजे कुरडयांचा महिना, त्याच चार दिवसाआडच्या पाण्यात तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चीक काढायचा, पहाटे उठून शिजवायचा. गच्चीवर घातल्या आणि दुपारी वारं फिरलं. संध्याकाळी आई ताट घेऊन थेट प्लॉटवर, मी मागं.

"आरं पोरा, हे काय हाय?"

"कुरडया हैत मावशी."

"खा एक."

त्यानं बघितलं, खाल्ली काय नाही. पण दुसऱ्या दिवशी बोअरच्या पाण्याचा टँकर आला, फवारे सुरू झाले, आणि ऐंशी टक्के धूळ खाली बसली राव, म्हणजे पाच आठवडे जे जमत नव्हतं ते एका टँकरचं काम होतं. अर्धा स्टार टँकरचा, उरलेला एक मालाचा.

दोन महिन्याचे तीन झाले. मागच्या आठवड्यात मशीन ट्रेलरवर चढलं, प्लॉट झाडलेला वगैरे नाही, एका कोपऱ्यात कचेचा ढीग तसाच आहे, कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा. जाताना सुपरवायझर घरी आला, मावशी गावाकडं न्यायला थोड्या कुरडया द्या म्हणाला, पैसे देतो. आईनं मोठा डबा भरून दिला, पैसे घेतले नाहीत. कुठल्या घाण्यातल्या दिल्यास म्हटलं तर म्हणाली, त्याच्याच.